नागपुरात नव्याने आलेल्यांसाठी: नदीकाठच्या आणि रानातल्या सोप्या पायवाटा

नोकरी, बदली किंवा शिक्षण यांनिमित्त नागपुरात आलेल्या माणसाने "येथे निवांत पायी फिरायला कोठे जावे?" असे विचारले, तर त्याला बहुतेक वेळा पेंच किंवा ताडोबाचे नाव ऐकावे लागते. मी येथे राहायला आलो तेव्हा मलाही हेच उत्तर मिळाले होते. दोन्ही ठिकाणे उत्तमच आहेत, परंतु तेथे मनाप्रमाणे पायी हिंडता येत नाही. जिप्सीत बसून ठरलेल्या रस्त्यांवरून फिरावे लागते आणि मध्ये उतरण्यास सक्त मनाई असते. प्रत्यक्षात नागपूरच्या पश्चिमेला आणि वायव्येला टेकड्या, तलाव आणि पानझडीचे रान शहराच्या वस्तीला लागूनच आहे, तर कन्हान, चंद्रभागा आणि वैनगंगा यांचे काठ एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहेत. दोन ते सहा किलोमीटरची, फारसा चढ नसलेली, घरातील ज्येष्ठांना आणि मुलांनाही झेपेल अशी चाल ज्यांना हवी आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. ज्यांना दमछाक करणारे ट्रेकिंग हवे आहे, त्यांच्या उपयोगाचे येथे फारसे काही नाही.

अंतर आणि चढ या गोष्टी येथे दुय्यम ठरतात, हे आधीच सांगून ठेवतो. चाल सुखाची होणार की मनस्तापाची, हे दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते: जमीन कोणाच्या ताब्यात आहे, आणि आपण कोणत्या वेळी घराबाहेर पडतो आहोत. म्हणून पहिल्या दोन पायऱ्या या प्रश्नांच्या आहेत. जागांची नावे त्यानंतर येतील.

१. जमीन कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी पाहावे

नागपूरच्या भोवतालचे मोकळे दिसणारे रान खरोखर मोकळे नसते. शहरालगतची बरीचशी हिरवी जमीन वन विभाग, वन विकास महामंडळ, महानगरपालिका, कृषी विद्यापीठ आणि संरक्षण विभाग यांच्याकडे आहे, आणि प्रत्येकाचे नियम निराळे आहेत. वन विभागाची उद्याने आणि जैवविविधता उद्यान यांत फाटकावर तिकीट काढून ठरलेल्या वेळेत जाता येते. राखीव वनाला मात्र तिकीटघर नसते. तेथे तारेचे कुंपण तुटलेले असले आणि गुरांच्या येण्याजाण्याने छान वाट पडलेली असली, तरी परवानगीशिवाय आत शिरणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा ठरतो. गुराख्याला जे चालते ते आपल्यालाही चालेल, असे समजू नये. त्याच्या गावाचे त्या रानात परंपरागत हक्क असू शकतात, आपले नसतात.

कृषी विद्यापीठाच्या जमिनी फुटाळा, तेलंगखेडी आणि महाराजबाग या भागांत आहेत. त्या दिसायला माळरानासारख्या असल्या तरी तेथे पिकांचे प्रयोग चालू असतात, त्यामुळे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालण्याचा मोह आवरून रस्त्यानेच जावे. संरक्षण विभागाच्या बाबतीत तर तर्क करूच नये. सेमिनरी हिल्सच्या पलीकडे वायुसेनानगर आहे, कामठीला छावणी आहे आणि शहराच्या मधोमध सीताबर्डीचा किल्ला आहे. या तिन्ही ठिकाणी फलक दिसताच मोबाइल खिशात ठेवावा, कारण पक्ष्याचे छायाचित्र काढत होतो हे पहारेकऱ्याला पटवून देण्यात अर्धी सकाळ जाऊ शकते. सीताबर्डीच्या ज्या किल्ल्यावर नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसले आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली, तो एरवी बंद असतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी तो सर्वांसाठी उघडण्याची प्रथा आहे. त्या दिवशी सकाळी लवकर रांगेत उभे राहिल्यास एक छोटी, पण चांगली टेकडीची चाल पदरात पडते.

नकाशाच्या ॲपवर विसंबून निघालेल्यांची फसगत येथेच होते. ॲपमध्ये तुटक रेषेने दाखवलेली वाट जमिनीवर असतेही, पण ती कोणाच्या फाटकातून आणि कोणत्या कुंपणातून जाते, हे ॲप सांगत नाही. नवीन ठिकाणी जाण्यापूर्वी तिकीटघर, चौकीदार किंवा जवळची चहाची टपरी यांपैकी कोठेतरी विचारणे सर्वांत भरवशाचे असते. टपरीवाल्यांना फाटक उघडण्याची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि कालचा ताजा नियम हे सगळे ठाऊक असते.

२. ऋतू आणि वेळ ठरवावी

मुंबई-पुण्याकडून आलेल्या माणसाला नागपूरच्या उन्हाचा अंदाज पहिल्या वर्षी येत नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते. असे आकडे रोजचे नसले, तरी मे महिन्यात ४४-४५ अंश ही नेहमीची गोष्ट असते. याउलट २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्यामुळे येथे "सकाळी" म्हणजे नेमके किती वाजता, हे महिन्यागणिक बदलते.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ चालण्यासाठी सर्वांत उत्तम असतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, आणि तलावाकाठी धुके असल्यास साडेसातपर्यंत काहीच दिसत नाही. म्हणून पहाटे धडपडत उठण्याची गरज नाही, आठ वाजता निघाले तरी चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागतात आणि त्यानंतर बहावा पिवळा होतो. हा काळ डोळ्यांना सुखावणारा आहे, परंतु मार्च लागला की साडेआठपर्यंत घरी परतायचे, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडते. त्या वेळी निघून सात वाजता चाल संपवावी. मेच्या अखेरीस येणारा नवतपा, म्हणजे रोहिणी नक्षत्राच्या सुरुवातीचे ते नऊ दिवस, सरळ घरात बसून काढावेत. संध्याकाळ हा उन्हाळ्यातील पर्याय वाटतो खरा, पण दिवसभर तापलेली काळी जमीन आणि डांबर सूर्य मावळल्यावरही बराच वेळ झळा सोडत राहते.

मोहाच्या आणि तेंदूपानांच्या हंगामाबद्दल एक वेगळी सूचना करावीशी वाटते. मार्च ते मे या काळात गावकरी पहाटेच फुले आणि पाने वेचण्यासाठी रानात जातात. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा काही ठिकाणी पेटवला जातो आणि तो पसरून वणवा लागतो. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानतो. याच दिवसांत वाकून काम करणाऱ्या माणसांवर वाघ-अस्वलांचे हल्ले होण्याच्या घटनाही विदर्भात घडतात. म्हणून या महिन्यांत खेड्यालगतच्या रानात हौसेने शिरू नये. फाटक असलेली, नेमलेली ठिकाणेच पुरेशी आहेत.

पावसाळ्यात, जूनच्या मध्यानंतर, रान पाहता पाहता हिरवे होते. त्या दिवसांत काळी माती बुटांना इतकी चिकटते की प्रत्येक पाऊल जड होते, म्हणून मातीच्या वाटेऐवजी डांबरी किंवा मुरमाची वाट निवडावी. विजांचा कडकडाट विदर्भात जीवघेणा ठरू शकतो. आकाश काळवंडले की झाडाखालून आणि तलावाच्या पाळीवरून लगेच दूर व्हावे, आणि मोबाइलमध्ये विजेची पूर्वसूचना देणारे "दामिनी" हे सरकारी ॲप आधीच घेऊन ठेवावे.

३. पिशवीत काय असावे

यादी लहान आहे. दोन तासांच्या चालीसाठी पाठीवर घर घेऊन निघण्याचे कारण नाही.

- आधार कार्ड किंवा दुसरे छायाचित्र असलेले ओळखपत्र. वन विभागाच्या फाटकांवर ते मागितले जाऊ शकते. सोबत परदेशी पाहुणे असतील तर त्यांचे मूळ पारपत्र घ्यावे.
- माणशी किमान एक लिटर पाणी, उन्हाळ्यात दोन लिटर, आणि ओआरएसची पुडी किंवा मीठ-साखर-लिंबू.
- सुटे पैसे. शहराबाहेरच्या फाटकावर मोबाइलची रेंज गेली की यूपीआय निरुपयोगी ठरते.
- जाड तळव्याचे बूट, पूर्ण लांबीची पँट, टोपी आणि सुती दुपट्टा. नागपुरात उन्हाळ्यात स्त्री-पुरुष सगळेच डोक्याला दुपट्टा का गुंडाळतात, हे एप्रिलमध्ये आपोआप समजते.

बूट आणि पँट यांबद्दल मी आग्रही आहे, त्याची कारणे रानातच आहेत. बाभळीचा काटा स्लीपरच्या तळव्यातून आरपार जातो. पावसाळा संपल्यावर वाळलेल्या गवताची कुसळे मोज्यांत अशी रुततात की मोजे टाकून द्यावे लागतात. हिवाळ्यात वाटेच्या कडेला सोनेरी लव असलेल्या चिंचोळ्या शेंगा लोंबकळताना दिसल्या, तर त्या खाजकुइलीच्या समजाव्यात आणि मुलांना लांब ठेवावे. ती लव अंगावर उडाली की खाज आवरत नाही, आणि चोळल्याने ती अधिकच पसरते. बिब्ब्याच्या फळांनाही हात लावू नये, कारण त्यांच्या चिकाने कातडीवर फोड येतात. अत्तर किंवा उग्र वासाचे सेंट लावून रानात जाऊ नये, कारण उंच झाडांवर आणि जुन्या पुलांच्या कमानींखाली आग्या मोहळे असतात.

४. सुरुवात फुटाळा ते सेमिनरी हिल्स या वाटेने करावी

पहिल्या चालीसाठी मी प्रत्येकाला हीच वाट सुचवतो. हरवण्याचा धोका नाही, रिक्षा सहज मिळते आणि तरीही शहराच्या आत असूनसुद्धा रानाचा अनुभव येतो. भोसलेकालीन फुटाळा तलावाच्या पाळीवर सकाळी सहा ते आठच्या दरम्यान यावे. संध्याकाळी हीच जागा चौपाटीसारखी गजबजलेली असते आणि वाहनांच्या गर्दीत चालण्याचा आनंद राहत नाही, म्हणून फुटाळ्याबद्दल संध्याकाळी मत बनवू नये. काठावर वंचक, खंड्या, टिबुकली आणि पाणकावळा हे पक्षी दुर्बिणीशिवायही दिसतात.

तेथून तेलंगखेडीच्या हनुमान मंदिराकडे आणि पुढे सेमिनरी हिल्सच्या सौम्य चढाने वर जाता येते. वाटेत जपानी गार्डन आणि बालोद्यान लागते. या टेकडीवरची झाडी दाट असून मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये येथे नवरंग या पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. तो दिसणे मात्र नशिबाचा भाग असतो. टेकडीच्या आतल्या पाऊलवाटांवर एकट्याने जाण्यापेक्षा मुख्य रस्त्याने किंवा सकाळी नेमाने येणाऱ्या मंडळींच्या सोबतीने चालावे. हे नेमाने येणारे काका-काकू नवख्या माणसाला आनंदाने सामावून घेतात. चाल संपल्यावर तर्री-पोह्यांची कोणती गाडी चांगली, यावर त्यांच्यात एकमत होत नाही, एवढाच काय तो धोका आहे.

५. अंबाझरी: तलाव आणि त्यामागचे रान

अंबाझरी हा नागपुरातील सर्वांत मोठा तलाव असून एकोणिसाव्या शतकात शहराचा पाणीपुरवठा त्यावरून होत असे. नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावून याच तलावातून पुढे शहरात शिरते. मेट्रोच्या ॲक्वा मार्गाने सुभाषनगर किंवा धरमपेठ कॉलेज स्थानकावर उतरता येते. या दोन स्थानकांच्या मध्ये मेट्रो तलावाच्या अगदी काठाने जाते, म्हणून डब्यात तलावाच्या बाजूची खिडकी पकडावी.

येथे नवख्यांचा गोंधळ होतो तो दोन निरनिराळ्या जागांच्या नावांमुळे. अंबाझरी उद्यान ही तलावाच्या काठची बाग आहे. अंबाझरी जैवविविधता उद्यान ही तलावामागच्या राखीव वनातील वन विभागाची जागा असून तिचे फाटक, तिकीट आणि वेळा वेगळ्या आहेत. रिक्षावाल्याला नुसते "अंबाझरी" सांगितले तर तो बागेपाशी उतरवणार, यात त्याची चूक नाही. "जैवविविधता उद्यान" असे पूर्ण नाव सांगावे.

या दुसऱ्या जागेतील मुरमाचे रस्ते रुंद आणि जवळजवळ सपाट आहेत. सायकली चालतात, त्यामुळे लहान मुलांना कडेने चालवावे. एका बाजूला तलावाचे पाणी, दुसऱ्या बाजूला गवताळ माळ आणि मधूनमधून झाडी, असा हा प्रदेश आहे. सावली मात्र कमी आहे, आणि ही गोष्ट तेथे गेल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी लक्षात घ्यावी. हिवाळ्यातील सकाळ या जागेला शोभते. एप्रिलमध्ये नऊ वाजता परतीची वाट लांबच लांब वाटू लागते.

तलावाच्या सांडव्याकडे पावसाळ्यात गर्दी जमते. पाणी ओसंडताना पाहण्याची हौस कोणालाही असणार, परंतु २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अल्पावधीत झालेल्या मुसळधार पावसाने हाच तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि खालच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, हे विसरू नये. अतिवृष्टीचा इशारा असताना सांडव्याजवळ किंवा नाग नदीच्या पुलांवर थांबू नये.

वन्यप्राण्यांचा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. नोव्हेंबर २०१९ मध्ये विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक परिसरात वाघ दिसला होता आणि २०२१ च्या उन्हाळ्यात एक बिबट्या शहराच्या वस्तीत फिरत होता, त्यामुळे या शंकेला हसण्यावारी नेता येत नाही. तरीही फाटक उघडे असताना, दिवसाउजेडी, मुख्य वाटेवरून, बोलत चालणाऱ्या माणसांना धोका फार कमी असतो. बिबट्या दिसलाच तर पळू नये, खाली बसू नये, मुलांना उचलून घ्यावे आणि नजर न हटवता हळूहळू मागे सरकावे. प्रत्यक्ष अनुभव असा की, बिबट्यापेक्षा भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या अधिक वेळा वाट अडवतात. हातात एखादी काठी असावी, मात्र ती उगारू नये.

६. गोरेवाडा आणि जुनापाणी

काटोल रस्त्याच्या बाजूला असलेला गोरेवाडा तलाव १९१२ च्या सुमारास पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला आणि आजही त्याचा उपयोग त्यासाठी होतो. भोवतीचे सुमारे १,९०० हेक्टरचे प्रकल्पक्षेत्र वन विकास महामंडळाकडे आहे. २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेले बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यान याच क्षेत्रात आहे. प्राणी उद्यानाची सफारी आणि रानातली सफारी या दोन्ही वाहनातून होतात. त्यांचे तिकीट काढले म्हणजे पायी फिरण्याची परवानगी मिळाली, असे होत नाही. रानात नैसर्गिक अवस्थेतील बिबटे आहेत, म्हणून हा नियम योग्यच आहे. पायी चालायचे असल्यास पक्षीनिरीक्षकांच्या गटासोबत, अधिकृत परवानगी घेऊनच जावे. हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित बदके उतरतात आणि असे गट त्याच सुमारास निघतात.

त्याच काटोल रस्त्याने थोडे पुढे गेल्यावर जुनापाणी येथे महापाषाणकालीन शिलावर्तुळे आहेत. मोठ्या धोंड्यांची ही वर्तुळे सुमारे तीनशे असून त्यांतील काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे रांगेत कोरलेले आढळतात. नागपूरचा इतिहास साधारणपणे गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्यापासून सांगितला जातो; येथे उभे राहिल्यावर तो कितीतरी मागे जातो. जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, सपाट आहे आणि सावली जवळजवळ नाही. दगडांवर चढू नये, खळग्यांत खडूने रेघा ओढू नयेत आणि आठवण म्हणून एकही दगड उचलू नये.

७. नदीकाठ: कोठे जावे आणि कोठे पाण्यापासून दूर राहावे

शहराला जिचे नाव मिळाले त्या नाग नदीच्या काठाने चालण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, परंतु शहरातून वाहताना तिच्यात सांडपाणी मिसळते आणि बऱ्याच भागात काठावर चालण्याजोगी जागाही नाही. तिचे दर्शन महाराजबागेच्या बाजूने किंवा पुलावरून घ्यावे आणि काठाच्या चालीसाठी शहराबाहेर पडावे.

सर्वांत जवळची मोठी नदी कन्हान आहे. सुमारे १६ किलोमीटरवरील कामठी येथे तिचा पात्रकाठ लागतो. कामठीच्या वरच्या अंगाला पेंच आणि कोलार या नद्या तिला मिळतात. छावणीचा भाग टाळून घाटाकडे जावे आणि काठाने अर्धा-पाऊण तास चालून परतावे. त्याच फेरीत ड्रॅगन पॅलेस हे शांत बौद्ध मंदिर पाहता येते. काठावर बेशरमाची झुडपे माजलेली असतात आणि त्यांच्या आडोशाला साप असू शकतात, म्हणून झुडपांतून घुसून पाण्यापर्यंत वाट काढू नये.

कन्हानच्या बाबतीत एका धोक्याची सविस्तर ओळख करून देणे आवश्यक आहे. हिवाळ्यानंतर पात्र उथळ, स्वच्छ आणि वाळूचे दिसते; पाणी गुडघ्याइतके असल्याचे पाहून लोक आत उतरतात. परंतु वाळूच्या उपशामुळे पात्रात जागोजागी खोल खड्डे झालेले असतात. ते पाण्याखाली वरून ओळखू येत नाहीत आणि त्यांच्या कडा पाय ठेवताच ढासळतात. पोहता येणारा माणूसही अशा ढासळत्या कडेवर तोल सावरू शकत नाही. दर वर्षी या नदीत बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात आणि त्यांत सहलीला आलेली तरुण मुले असतात. म्हणून नियम एकच ठेवावा: काठावर चालावे, पाण्यात पाऊल घालू नये, पाय धुण्यासाठीसुद्धा बांधलेल्या घाटाचाच वापर करावा. हिंगण्याकडच्या झिल्पी तलावालाही हाच नियम लागू करावा.

पावसाळ्यात नाल्यांचा धोका यात मिसळतो. आकाश निरभ्र असले तरी वरच्या बाजूला पाऊस झाला की कोरडा नाला घटकाभरात भरतो. भूशास्त्राचे अभ्यासक आणि मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आज नागपुरात आहे, ते सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. या प्रदेशाचे दगड आणि पाणी त्यांच्याइतके जाणणारी माणसे त्या काळी थोडीच होती. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे.

कुटुंबासह निवांत काठ हवा असेल, तर मला कन्हानपेक्षा धापेवाडा अधिक आवडते. कळमेश्वरच्या बाजूला असलेले हे गाव चंद्रभागा नदीच्या काठी वसले आहे आणि तेथील विठ्ठल मंदिरामुळे त्याला विदर्भाचे पंढरपूर म्हटले जाते. नदी लहान आहे, घाट बांधलेला आहे, आणि मंदिराभोवतीची चाल वयस्क माणसांनाही जड जात नाही. आषाढातील यात्रेच्या दिवसांत मात्र चालण्याच्या हेतूने जाऊ नये. जवळच आदासा येथे छोट्या टेकडीवर गणपतीचे प्रसिद्ध मंदिर आहे. दोन्ही मिळून अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम उत्तम होतो.

पूर्ण दिवस हाताशी असेल तर कुही तालुक्यातील आंभोरा गाठावे. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा संगम तेथे सांगितला जातो, टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे, आणि आद्यकवी मुकुंदराजांशी या स्थानाचे नाते जोडले जाते. गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यामुळे पाणी आता अफाट पसरले असून नव्या पुलावरून त्याचा विस्तार एका दृष्टीत मावत नाही. येथे चाल थोडी आणि पाहणे जास्त, असा प्रकार आहे. नावेत बसायचे असेल तर अंगावर लाइफ जॅकेट चढवल्याशिवाय बसू नये, नावाडी कितीही अनुभवी असला तरीही.

८. रामटेक: थोडा चढ, भरपूर मोबदला

सुमारे ५० किलोमीटरवरील रामटेक येथे पायऱ्यांचा चढ आहे. इतवारी स्थानकावरून रामटेकसाठी पॅसेंजर गाडी मिळते आणि एसटी बस तर असतातच. बहुतेक लोक वाहनाने थेट गडावर जातात. माझी शिफारस वेगळी आहे: डोंगराच्या कुशीतील अंबाळा तलावापासून चाल सुरू करावी, काठावरची जुनी मंदिरे पाहावीत आणि मग पायऱ्यांनी गडमंदिराकडे चढावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उलट करावे, म्हणजे वाहनाने वर जावे आणि वरच्या सपाटीवर फिरावे. पायऱ्या उतरणे चढण्यापेक्षा गुडघ्यांना अधिक त्रास देते.

वर जाताना लोक वाकाटककालीन केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही मंदिरे न पाहताच पुढे निघून जातात. पाचव्या शतकातील ही लहानशी दगडी मंदिरे घाईने पाहण्याची नाहीत. गडावरून खिंडसीच्या तलावापर्यंतचा प्रदेश दिसतो, आणि पावसाळा सरताना तो हिरवा असतो तेव्हा कालिदासाचे स्मारक याच डोंगरावर का उभारले असावे, याचा उलगडा होतो.

येथील वानरे धीट झालेली आहेत. हातात प्लॅस्टिकची पिशवी, प्रसादाचे पुडके किंवा चष्मा दिसला की ती झडप घालतात. खाद्यपदार्थ चेन असलेल्या पाठपिशवीत ठेवावेत, आणि वानराने काही ओढलेच तर ते सोडून द्यावे. ओढाताणीत चावा बसला तर रेबीजची लस घ्यावी लागते. कार्तिकातील त्रिपुरी पौर्णिमेची आणि रामनवमीची यात्रा या दिवशी रामटेक माणसांनी फुलून जाते, तेव्हा चालीसाठी दुसरा दिवस निवडावा.

९. अडचण आल्यास

वन्यप्राणी दिसला, वणवा लागलेला दिसला किंवा जखमी पक्षी-प्राणी आढळला, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक आहेत. या भागात नाग, मण्यार आणि घोणस हे विषारी साप आढळतात. सर्पदंश झाल्यास जखमेवर चीर देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, आवळपट्टी बांधू नये. दंशाचा हात किंवा पाय न हलवता रुग्णाला आडवे ठेवून थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. शहरात "मेडिकल" म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि "मेयो" म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अशी लोकांची बोलण्याची रीत आहे. रिक्षावाल्याला हीच नावे सांगितली तर वेळ वाचतो. शहराबाहेर असाल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयाकडे आधी वळावे. निघण्यापूर्वी घरी कोणालातरी ठिकाणाचे नाव आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी, कारण गोरेवाड्याच्या किंवा आंभोऱ्याच्या बाजूला काही टप्प्यांत मोबाइलची रेंज मिळत नाही.